चौथा जोडा

नाराईचा चढ संपतो तिथे माझं छप्पर.
खाली चहाची चूल,
वर आढ्याला टांगलेले घोड्यांचे जोडे,
पेंढ्याचे, चार-चारांच्या जुड्या.
दोन कोस चालतात. वाट दगडी असली तर दीडच.
मग फाटतात, वाटेवरच पडतात,
खालच्या गावची पोरं उचलून नेतात खताला.
माझं निम्मं आयुष्य असं
लोकांच्या मुळ्याच्या वाफ्यांत कुजलंय.
तक्रार नाही. मुळे गोड येतात.

पेंढा आधी भिजवायचा, मग मोगरीने कुटायचा,
ओल्या केसांसारखा हाताला लागेस्तोवर.
कोरडा वळला तर दोरी करकचते
आणि खुराच्या वर, जिथे केस सुरू होतात,
तिथली कातडी सोलून काढते.
हे नवऱ्याने शिकवलं.
त्याआधी शिकवला खूर वाचायला.
"वरून नुसता दगड दिसतो," म्हणायचा, "उलटा कर, मग बघ."
पाय मांडीत घेऊन
अंगठ्याने तळवा दाबत जायचा,
कडेकडून आत, मधल्या मऊ गादीपर्यंत,
आणि बघायचा घोड्याच्या कानाकडे.
दुखतं तिथे कान आधी बोलतो.

मग नालबंद आला, पलटणीत शिकलेला.
कोळशाचा धूर, जळक्या शिंगाचा वास,
आणि खिळे.
मी विचारलं, दुखत नाही?
"आजी, नख कापताना दुखतं का?"
खरं होतं त्याचं. मी कान बघत होते.
हलला नाही.
लोखंड महिना-दीड महिना टिकतं,
माझा पेंढा दुपारपर्यंत.
त्या वर्षी आढ्यावरच्या जुड्या उंदरांनी मोजल्या.

काल रात्री थाप पडली दारावर.
किसाबुरो, याबुहाराचा, ओझेवाला.
मागे त्याची घोडी कुरिगे, तीन पायांवर.
पुढचा उजवा नाल बर्फात कुठेतरी गेला,
जाताना खुराची कडही घेऊन गेला,
आणि त्या उघड्या पायाने ती अर्धा घाट चढून आलेली.

दिवा खाली धरला.
तळव्यात खडा रुतलेला, वाटाण्याएवढा,
भोवती जांभळट डाग.
खडा काढला. मिठाच्या कोमट पाण्यात पाय धरून ठेवला.
मग अंगठा टेकवला.
कान मागे गेला.
मी तिथेच थांबले.

पहाटे तो म्हणाला, "एक जोडा द्या."
"जोडा म्हणजे चार."
"तीन पायांत लोखंड आहे, आजी. एकच लागेल."

चाळीस वर्षांत कुणी एक मागितला नव्हता.
गाठ सुटेना. नवऱ्याची गाठ होती ती,
त्याच्या शेवटच्या हिवाळ्यातली.
विळ्याने कापली.
आत माझ्या जुन्या पायमोज्याची घडी घातली,
दोरी फार आवळली नाही, बोट जाईल इतकी सैल.
"ओझं इथे राहू दे," म्हटलं.
"उतारावर सगळा भार पुढच्या पायांवर येतो.
तू पुढे चाल, ती तुझ्या मागे येईल."
एकाचे पैसे किती, मला सांगता येईना.
त्याने सुकवलेली दोन काकी फळं ठेवली ओट्यावर.

वळणापलीकडे दिसेनाशी झाली
तरी ऐकू येत होती:
टक्, टक्, टक्,
मग एक पाऊल न वाजणारं,
मग पुन्हा टक्.
त्या न वाजणाऱ्या पावलाकडे कान लावून
मी बराच वेळ दारात उभी.

आढ्यावर तीन उरलेत.
त्यांना जुडी म्हणावं की नाही, ठरत नाही.
पेंढा भिजत घातलाय.
एकालाच लागणार, थोडासाच पुरे,
पण हाताने सवयीने
चौघांपुरता घेतला.